कापूस इथला, विक्री कुठली? : चांदूर रेल्वे आणि वऱ्हाडातील विक्रीकर

अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत. एकाच्या नावापुढे बाजार लागतो, दुसऱ्याच्या नावापुढे रेल्वे. घोटाळा होऊ नये म्हणून लोकांनी आणि सरकारी दप्तराने केलेली ही सोय. पण व्यापाराच्या इतिहासाकडे वळणाऱ्याला ती विचारात पाडते. बाजार म्हणजे माल जिथे विकला जातो ती जागा, आणि रेल्वे म्हणजे माल जिथून निघून जातो ती वाट. कराच्या कायद्यात या दोन गोष्टींचा अर्थ अगदी वेगवेगळा आहे. चांदूर रेल्वेसारख्या गावाच्या व्यापाराचा हिशेब पुरता का लागत नाही, याचे उत्तरही बरेचसे या फरकातच आहे.

प्रश्न वरवर पाहता साधा आहे. या गावात आणि त्याच्या तालुक्यात कापूस पिकतो, सरकी काढली जाते, रुईच्या गाठी बांधल्या जातात, तुरीची डाळ होते, अलीकडच्या चार दशकांत सोयाबीनही आले. या धंद्यांपैकी कोणत्या धंद्याने सरकारच्या तिजोरीत किती विक्रीकर भरला? स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडायलाच हवा, कारण गावाच्या अर्थजीवनाचा कणा कोणता आणि तो कधी बदलला, हे अशा आकड्यांतूनच कळते. परंतु विक्रीकराच्या दप्तराने हा प्रश्न कधी विचारलेलाच नाही. त्याने विचारले ते एवढेच : विकणारा कोण, विक्री झाली कुठे आणि तो नोंदलेला कुठे? माल पिकला कुठे, त्यावर हात कोणाचे फिरले, हे त्याच्या रकान्यांत बसत नव्हते. पुढील विवेचनाचा विषय हा रकाना आहे.

जुन्या दप्तराची रीत निराळी होती. मराठेशाहीच्या आणि निजामशाहीच्या काळात व्यापार-उदिमावर जे कर होते, त्यांत मोहतर्फा हा धंद्यावरचा कर होता. कोष्टी, तेली, रंगारी, सोनार अशा धंदेवाल्यांवर तो बसे आणि तसाच लिहिला जाई. जकात होती ती मालाच्या वाटेवर. म्हणजे एका वहीत धंदा दिसे आणि दुसरीत मालाचा प्रवास. या करांत जाच पुष्कळ होता, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण गावात कोणते धंदे आहेत हे त्या वह्या वाचणाऱ्याला कळत असे. नंतरच्या विक्रीकराच्या विवरणपत्रावरून ते कळेल अशी खात्री देता येत नव्हती.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची टंचाई भासली आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे साऱ्यांचे लक्ष गेले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. बडनेरा आणि धामणगाव यांच्या दरम्यानचे चांदूर स्टेशन या मार्गावरचे. पूर्वी बैलांच्या तांड्यांनी महिनोन्महिने चालणारा प्रवास आता दिवसांवर आला. मार्गालगतच्या गावांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि कापसाची मोकळी गाडी बांधलेल्या गाठीच्या रूपात मुंबईच्या वाटेला लागू लागली.

या व्यापाराला शिस्त लावण्याचा भारतातील पहिला प्रयत्नही वऱ्हाडातलाच. १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने कारंजा येथे पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. बाजाराची जागा, परवानाधारक अडते, वजनकाटे आणि आकारणी यांची व्यवस्था या कायद्याने लावून दिली. समित्यांवर व्यापाऱ्यांचेच प्राबल्य होते. तरीही एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे : या बाजारांच्या वह्यांत माल जिथे येतो त्या जागेचा हिशेब होता. कापूस कोणत्या बाजारात उतरला हे त्यांतून कळे. पुढे जो विक्रीकर आला, त्याने हिशेबाची ही जागाच बदलली.

भारतातील विक्रीकराचा उगमही याच प्रांतात आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी आठवली जात नाही. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना मालाच्या विक्रीवर कर बसवण्याचा अधिकार दिला. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९३८ मध्ये तो प्रथम वापरला आणि मोटारचे पेट्रोल व वंगण तेल यांच्या किरकोळ विक्रीवर शेकडा ५ कर बसवला. दारूबंदीच्या धोरणामुळे अबकारीचे उत्पन्न घटणार होते, आणि प्रांताला उत्पन्नाचे दुसरे साधन हवे होते. केंद्र सरकारने आक्षेप घेतला : हिंदुस्थानात तयार होणाऱ्या मालावरील उत्पादन शुल्क हा केंद्राचा अधिकार आहे, आणि हा विक्रीकर म्हणजे नाव बदललेले उत्पादन शुल्कच आहे. गव्हर्नर-जनरलने प्रश्न नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टाकडे पाठवला. सर मॉरिस ग्वायर, शाह सुलेमान आणि मुकुंदराव जयकर या तिघा न्यायमूर्तींनी १९३८ च्या डिसेंबरात प्रांताच्या बाजूने अभिप्राय दिला. त्या न्यायालयाचा हा पहिला सल्लार्थ अभिप्राय. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून मराठी वाचक जयकरांना ओळखतो. वऱ्हाडच्या पेट्रोलवरील करानिमित्त त्यांनी भारतीय करव्यवस्थेच्या पायाभरणीत भाग घेतला होता, हे त्याला सहसा ठाऊक नसते.

या अभिप्रायातील भेद आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. माल तयार होताना त्यावर बसतो तो एक कर, आणि माल विकला जाताना बसतो तो दुसरा. तयार करणे ही क्रिया कारखान्यात, शेतात, म्हणजे एका ठरावीक जागी घडते आणि ती जागा डोळ्यांना दिसते. विक्री हा मात्र कायद्याच्या भाषेतील एक क्षण आहे : मालाची मालकी एकाकडून दुसऱ्याकडे जाते तो क्षण. तो चांदूरच्या जिनिंगच्या आवारात येऊ शकतो, तसाच मुंबईच्या पेढीवर तारेने वा टेलिफोनने झालेल्या सौद्यातही येऊ शकतो. प्रांतांना अधिकार मिळाला तो या क्षणावर कर बसवण्याचा. मग प्रश्न उभा राहिला : कापूस वऱ्हाडात असताना मुंबईत विकला गेला, तर कर कोणाचा?

नागपूरच्या सरकारने या प्रश्नाचे सरळ उत्तर दिले. १९४७ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड विक्रीकर कायद्यात 'विक्री'च्या व्याख्येखाली एक स्पष्टीकरण जोडले गेले. करार कुठेही होवो, त्या वेळी माल प्रत्यक्ष या प्रांतात असेल तर विक्री या प्रांतातच झाली असे मानावे, असा त्याचा आशय होता. कच्चा माल पिकवणाऱ्या, पण सौद्याचे टेबल नसलेल्या प्रांताने केलेला हा दावा होता. बोली कुलाब्याला लागली म्हणून वऱ्हाडच्या मातीचा हक्क जात नाही, असे जणू तो कायदा म्हणत होता.

हा दावा टिकला नाही. कापसाच्या एका व्यापाऱ्याने त्याला आव्हान दिले, आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिम्मतलाल मेहता विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात ते स्पष्टीकरण घटनाबाह्य ठरवले. विक्रीचा करार आणि प्रत्यक्ष विक्री या दोन भिन्न गोष्टी आहेत. केवळ करार होताना माल हद्दीत होता एवढ्याने विक्री तिथे झाली असे विधिमंडळाला ठरवता येत नाही, हा त्यामागचा विचार. बेकायदा कराच्या मागणीविरुद्ध व्यापाऱ्याला थेट उच्च न्यायालयात जाता येते, या तत्त्वासाठी वकिलांच्या जगात हा खटला आजही स्मरणात आहे. वऱ्हाडच्या इतिहासात मात्र त्याची नोंद दुसऱ्या कारणासाठी व्हायला हवी : कापूस जिथे आहे तिथे त्याचा हिशेब लागावा, हा प्रयत्न इथे अडला.

गंमत अशी की दोनच वर्षांत हाच विचार दिल्लीहून परत आला. १९५६ च्या सहाव्या घटनादुरुस्तीने विक्री कुठे झाली हे ठरवण्याची तत्त्वे घालून देण्याचा अधिकार संसदेला दिला. त्याच वर्षीच्या केंद्रीय विक्रीकर कायद्याने विक्रीचे ठिकाण मालाच्या ठिकाणाशी बांधले : माल निश्चित झालेला असेल तर करार होताना तो जिथे असेल तिथे, आणि निश्चित व्हायचा असेल तर तो करारापोटी वेगळा काढला जाताना जिथे असेल तिथे. नागपूरला जे करता आले नाही ते संसदेने केले. परंतु तोवर विदर्भाचे नागपूरशी असलेले राजकीय नातेच बदलले होते.

हा काळ नीट पाहायला हवा, कारण कराचा प्रश्न तेव्हा केवळ हिशेबनिसांचा उरला नव्हता. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचा वाटा देण्याचे वचन दिले. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, तेव्हा हा प्रदेश आर्थिकदृष्ट्या स्वतःच्या पायावर उभा राहू शकेल हा त्यातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १ जानेवारी १९६० पासून १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा लागू झाला आणि वऱ्हाडचा स्वतंत्र विक्रीकर कायदा संपला. महाराष्ट्र त्यानंतर चार महिन्यांनी जन्मला. आता मुंबई आणि चांदूर एकाच राज्यात होते. कापसाची विक्री कुठे झाली हा प्रश्न राज्याच्या तिजोरीपुरता निरर्थक झाला, आणि म्हणूनच तो कोणी विचारेनासे झाले. चांदूरच्या गाठीवरचा कर मुंबईत भरला काय किंवा अमरावतीत, पैसा एकाच तिजोरीत जाणार होता. तिजोरीचा प्रश्न सुटला तेव्हाच गावाचा हिशेब हरवला.

भाषेच्या अभ्यासकांना या कायद्यांत आणखी एक गोष्ट सापडेल. वऱ्हाडी माणसाच्या तोंडी झाडाला पऱ्हाटी म्हणतात; बोंडातून वेचला तो कापूस; जिनिंगमधून निघाली ती रुई आणि सरकी; सरकीतून तेल आणि ढेप. या प्रत्येक शब्दामागे एक काम आहे आणि ते करणारी माणसे आहेत. केंद्रीय विक्रीकर कायद्याने कापूस विशेष महत्त्वाच्या मालांत घातला, त्यावरील राज्यकराला मर्यादा घातली आणि तो एकाच टप्प्यावर घ्यावा असे बंधन ठेवले. त्या यादीतील कापसाची व्याख्या अशी की सरकीसह असो वा सरकी काढलेला, मोकळा असो वा गाठीत दाबलेला, सारा कापूस एकच. म्हणजे ज्या कामावर चांदूर-धामणगावचा सारा जिनिंग-प्रेसिंगचा धंदा उभा राहिला, त्या कामाने कायद्याच्या लेखी नवा माल निर्माणच होत नव्हता. सरकीची गोष्ट उलट. ती कापसाहून स्वतंत्र माल आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये पंजाबातील एका खटल्यात ठरवले. जिनिंगच्या एकाच यंत्रातून बाहेर पडलेल्या दोन वस्तूंपैकी रुई म्हणजे जुनाच कापूस ठरला आणि सरकी नवा माल. कराचा दर ठरवायला हे वर्गीकरण सोयीचे असेल. पण त्यावरून उद्योगाचा इतिहास लिहू गेल्यास रुईचा उद्योग अदृश्य होतो आणि सरकीचा तेवढा दिसतो.

शेतकरी तर या दप्तरात मुळीच येत नाही. स्वतः पिकवलेला माल विकणारा शेतकरी १९५९ च्या कायद्याने 'व्यापारी' नव्हता. ही सवलत रास्तच होती. परंतु तिचा दुसरा परिणाम असा की विक्रीच्या या इतिहासात पहिला विक्रेताच नाही. वेचणी करणारी बाई त्याच्याही मागे राहिली. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) कादंबरीतील कौतिकचे कष्ट आठवावेत. वऱ्हाडातील त्या जीवनाची नोंद कादंबरीने ठेवली. ज्या वर्षी ती आली त्याच वर्षी सुरू झालेल्या करदप्तरात त्या जीवनाला रकाना नव्हता.

पुढे १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याने कापूस राज्याच्या यंत्रणेलाच विकावा असा नियम झाला आणि खासगी खरेदीदार बाजूला झाले. शेतकऱ्याला हमीचा भाव मिळावा हा हेतू होता. योजनेच्या गुणदोषांवर वऱ्हाडात तीन दशके वाद झाले. आपल्या प्रश्नापुरते पाहायचे तर खरेदीदार एक झाल्यावर गावागावांतील व्यापारी पेढ्यांच्या नोंदींतून कापूस जवळजवळ निघून गेला.

मग गावाचा हिशेब कुठेच राहिला नाही काय? राहिला होता, आणि तो जकातीच्या नाक्यावर. जकात हा स्थानिक संस्थेचा कर. माल हद्दीत वापरासाठी, उपयोगासाठी वा विक्रीसाठी आला की तो बसे, आणि माल पुन्हा बाहेर गेला तर परतावा मिळे. त्यामुळे नाक्यावर माल जिन्नसवार लिहावा लागे : काय आले, किती आले, काय परत गेले. मोहतर्फा आणि जुनी जकात यांची दृष्टी या नाक्यावर थोडीफार टिकून होती. त्याविषयी हळवे होण्याचे मात्र कारण नाही. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये १८८३ सालीच शहरात माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला म्युनिसिपालिटीच्या जकातीचा कसा जाच होतो हे दाखवले होते, आणि पुढच्या शतकातही नाक्यावरच्या रांगा, खोळंबा आणि चिरीमिरी यांच्या तक्रारी थांबल्या नाहीत. १९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या क्षेत्रातील जकात बंद झाली, तेव्हा व्यापाऱ्यांना आणि ग्राहकांना हायसे वाटले असेल तर त्यात नवल नाही. नगरपरिषदांना जकातीऐवजी राज्याकडून अनुदान मिळू लागले. उत्पन्नाची भरपाई झाली, नोंदीची झाली नाही. अनुदानाचा धनादेश कोणत्या धंद्यातून किती आले हे सांगत नाही.

१ एप्रिल २००५ रोजी विक्रीकराची जागा मूल्यवर्धित कराने घेतली. त्यात राज्यभरातील साऱ्या शाखांसाठी व्यापाऱ्याला एकच नोंदणी क्रमांक मिळाला. ज्याची जिनिंग चांदूरला, गोदाम अकोल्याला आणि पेढी मुंबईला, त्याची उलाढाल एकाच विवरणपत्रात गोळा होऊ लागली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. त्याचे तत्त्वच असे की माल जिथे वापरला जातो त्या राज्याला राज्याचा वाटा जावा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरापासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा कर नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा अशी तजवीज झाली. १९४७ मध्ये नागपूरने माल जिथे आहे तिथे कर मागितला होता. सत्तर वर्षांनी माल जिथे पोहोचेल तिथे कर हा देशाचा नियम झाला. ग्राहक राज्यांच्या दृष्टीने त्यात न्याय आहे. पिकवणारा प्रदेश मात्र हिशेबाच्या शेवटच्या टोकाला गेला.

याचे मोल काय, असे विचारले जाईल. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या समितीने प्रादेशिक असमतोलावरचा अहवाल दिला आणि 'अनुशेष' हा शब्द विदर्भाच्या राजकारणात कायमचा रुजला. रस्ते, सिंचन, वीज, शाळा यांत कोणता भाग किती मागे राहिला, याचे ते मापन होते. एखाद्या प्रदेशाला काय मिळाले नाही हे सांगण्याची भाषा त्यामुळे आपल्याला आली. त्या प्रदेशाने काय दिले, हे सांगण्याची भाषा तेवढी विकसित झाली नाही. म्हणून वादात एक बाजू 'आमच्यावर अन्याय झाला' म्हणते आणि दुसरी 'तुम्हाला आम्ही पोसतो' म्हणते. दोन्ही बाजू ज्या आकड्यांवर बोट ठेवतात ते नोंदणीच्या पत्त्याचे असतात, श्रमाच्या पत्त्याचे नसतात. मुंबईत भरलेला सारा कर मुंबईने निर्माण केला, हे विधान जितके भाबडे, तितकेच मुंबईच्या बाजारपेठेविना वऱ्हाडच्या कापसाला भाव मिळाला असता हेही भाबडे.

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला या अडचणीतून वाट काढता येते. बाजार समितीची आवक आणि बाजार फी यांच्या नोंदी, जिथे उरली असतील तिथे जकातीची दप्तरे, रेल्वेच्या मालवाहतुकीचे आकडे आणि कारखान्यांचे परवाने एकमेकांशेजारी ठेवले तर विक्रीकराने न सांगितलेले पुष्कळ कळेल. एका वहीत बाजार आहे, दुसरीत रेल्वे. म्हणजे दोन्ही चांदूर एकत्र वाचावे लागतील. साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्याला शिकवतो की निवेदक कोण आहे हे ओळखल्याशिवाय कथेवर विसंबू नये. कराच्या वहीलाही निवेदक असतो. तो नेहमी पेढीवर बसलेला असतो, आणि कापूस भरलेल्या बंड्या त्याला तिथून दिसत नाहीत.